बेडचा 'हेवी' पंप आणि माझ्या होडीचं छप्पर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी स्टोरेज बेडवर अर्धं पान आलं होतं. त्यात एक वाक्य होतं की हायड्रॉलिक बेड घेताना गादीची फळी वर उचलणारा पंप जितका हेवी मिळेल तितका घ्या म्हणजे पुढे टेन्शन नाही. ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला, कारण ह्याच सल्ल्यापायी माझ्या होडीच्या छपराचे स्क्रू मुळासकट उपटून आले होते आणि डोंबिवलीला माझ्या मावशीच्या हनुवटीला टाके पडता पडता राहिले. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा, पण आकडे तेवढे ठेवा.

मी मूळचा चिपळूणचा, आता बरीच वर्षं मेलबर्नला असतो, पेपर मात्र रोज सकाळी मोबाईलवर तुमचाच. इथे माझ्याकडे एक जुनी २२ फुटी फायबरची शिडाची होडी आहे, १९८० च्या दशकात बांधलेली. फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका, कारच्या मागे ट्रेलरवर टाकून न्यायची होडी, इथे तिला ट्रेलर-सेलर म्हणतात, आणि सेकंडहँड छोट्या गाडीच्या किमतीत मिळते. रस्त्यावरून न्यायची म्हणजे रुंदी अडीच मीटरच्या आत पाहिजे, उंचीही बेताची, त्यामुळे केबिन इतकी बुटकी की आत माणूस कायम नमस्कार घालतोय असा वाकून. त्यावर ह्या लोकांनी काढलेली युक्ती म्हणजे पॉप-टॉप. केबिनच्या छपराचा मधला तुकडा वेगळा असतो, चार कोपऱ्यांना चार स्टीलच्या पट्ट्या, मुक्कामाला नांगर टाकला की तो तुकडा हातभर वर उचलायचा, बाजूने कनात लावायची, की आत ताठ उभं राहून पोहे परतता येतात. शीड चढवलेलं असताना हे करता येत नाही कारण वरून बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, फिरत असतो, सगळं नांगर टाकल्यावर.

आमचा नेहमीचा मुक्काम पेन्सविलला, गिप्सलँडच्या सरोवरांमध्ये. मेलबर्नपासून तीन-साडेतीन तास. समोर रेमंड बेट, झाडांवर कोआला झोपलेले. ही सरोवरं पूर्वी समुद्रापासून जवळपास बंद होती, १८८९ साली माणसांनी वाळू कापून समुद्राला कायमचं तोंड पाडून दिलं, तेव्हापासून पाणी मचूळ, म्हणजे लोखंडाला गंज धरायला पुरेसं खारट. ही गोष्ट पुढे कामाची आहे म्हणून सांगितली, नाहीतर तुम्ही म्हणाल प्रवासवर्णन लिहायला लागला.

तर ते छप्पर. आधीच्या मालकाच्या वेळचं काही नव्हतं, दोन माणसांनी आत वाकून पाठीने उचलायचं आणि पिना घालायच्या. पन्नाशी उलटल्यावर माझ्या कंबरेने एक दिवस साफ नकार दिला. म्हटलं गॅस स्ट्रट लावू, कारच्या डिकीला असतात ना दोन्ही बाजूला काळ्या नळ्या, त्याच. दुकानात गेलो, विक्रेत्याने विचारलं छप्पर किती किलोचं, आणि इथेच पहिली माती खाल्ली. मी म्हटलं असेल साठ किलो. कशावरून साठ? तर कंबर दुखते त्यावरून! तो म्हणाला मग सहाशे न्यूटनचे दोन घे, जास्त असलेलं बरं, समुद्राचं काम आहे. मी घेतले. बाहेरून सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारून ब्रॅकेट बसवले आणि बायकोला बोलावलं बघायला.

खटका काढला तर छप्पर जे उसळलं, हातातला स्क्रूड्रायव्हर पाण्यात. उघडलं झकास, बंद होईना. मी लोंबकळलो, मग बायको वर चढून बसली, तेव्हा कुठे खाली आलं आणि आम्ही दोघांनी मिळून खटका लावला. शेजारच्या धक्क्यावरचा म्हातारा हे सगळं बघत कॉफी पीत होता, काही बोलला नाही, फक्त मान हलवली. दोन आठवडे तसंच चालवलं. तिसऱ्या शनिवारी बंद छपराखालून टक्क असा आवाज आला, बघतो तर डावीकडच्या ब्रॅकेटचे तिन्ही स्क्रू बाहेर, त्यांना लगदा चिकटलेला, छपराच्या आत दोन फायबरच्या पापुद्र्यांमधे लाकडाचा गाभा असतो तो कुठल्या जुन्या भोकातून पाणी पिऊन कुजलेला होता.

आता ह्यात झालं काय ते समजायला ती नळी म्हणजे काय ते बघावं लागतं. आपल्याकडे सगळे तिला हायड्रॉलिक पंप म्हणतात पण त्यात ना पंप आहे ना हायड्रॉलिक. बंद नळकांड्यात नायट्रोजन गॅस दाबून भरलेला असतो, त्यातून एक दांडी आतबाहेर सरकते, सोबत थोडंसं तेल, दांडीभोवतीचं सील ओलं राहावं आणि शेवटाला धाडकन आपटू नये इतकंच. दांडी जितकी जाड आणि गॅसचा दाब जितका जास्त तितका जोर. आठ मिलिमीटरच्या दांडीचा ३०० न्यूटनचा साधा स्ट्रट घेतला तरी आत साधारण ६० बार दाब असतो, तुमच्या कारच्या टायरमधे दोन-सव्वादोन असतो. म्हणून गेलेला स्ट्रट कधी ड्रिल करून बघायचा नाही, कचऱ्याबरोबर जाळायचा नाही, आणि भंगारवाल्याला देताना हे काय आहे ते सांगून द्यायचा.

नळीवर आकडा छापलेला असतो, पुढे एन, म्हणजे न्यूटन. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. पण हा आकडा पूर्ण उघडलेल्या स्थितीतला असतो हे कोणी सांगत नाही. दांडी आत गेली की गॅस अजून दाबला जातो, आणि पूर्ण बंद असताना जोर वीस ते चाळीस टक्के वाढलेला असतो, स्ट्रट कसा बनवलाय त्याप्रमाणे. म्हणजे माझे सहाशेवाले बंद छपराखाली प्रत्येकी जवळपास आठशेने, ऐंशी किलोने, दिवसरात्र ब्रॅकेटला ढकलत होते. होडी घरी ट्रेलरवर झोपलेली असतानाही. स्क्रू टिकणार कसे?

मग शहाणपण सुचलं. वजन करायचं ठरवलं. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात एक वस्तू हमखास सापडते ती म्हणजे बॅगा तोलायचा हातातला काटा, २३ किलोच्या वर चिवडा आणि गोडा मसाला जाऊ नये म्हणून. तोच घेतला. स्ट्रट काढले, पट्ट्यांच्या पिना काढल्या, छपराची पुढची कड मधोमध काट्याला अडकवून बोटभर उचलली, काटा म्हणाला ११.२. मग मागची कड तशीच उचलली, १६.८. दोन्हींची बेरीज म्हणजे छपराचं वजन, २८ किलो. साठ नाही! मागची बाजू जड का, तर तिथे मीच सोलर पॅनल चिकटवलंय, ते विसरून गेलो होतो. आधीचा मालक आणि मी दोघं इतकी वर्षं अठ्ठावीस किलोला घाबरत होतो, खरं दुखणं वजनाचं नव्हतंच, वाकून उचलण्याचं होतं.

पुढचा हिशोब शाळेतला आहे. छप्पर वर किती जातं? ४५ सेंटिमीटर. २८ गुणिले ४५ म्हणजे १२६०. स्ट्रट दोन, प्रत्येकाची दांडी २० सेंटिमीटर सरकते, म्हणजे दोघांची मिळून ४०. १२६० भागिले ४०, साडेएकतीस किलो, म्हणजे वाटेत सरासरी ३१० न्यूटनच्या आसपास जोर प्रत्येकाने लावला की छप्पर आपोआप तोललं जातं. स्ट्रट कुठेही कसाही लावा, ही बेरीज चुकत नाही, कारण उचलायला लागणारं काम तेवढंच. बंद बाजूला जोर जास्त असतो हे धरलं तर नळीवर २७० छापलेला चालेल. आणि मी लावले होते सहाशे! त्यांचं काम त्याच हिशोबाने २८०० च्या घरात, म्हणजे वरचे दीड हजार मी आणि बायकोने खाली ढकलून फेडायचे, ४५ सेंटिमीटरभर सरासरी ३४ किलो दाबत. मूळ छपरापेक्षा जास्त. हे गणित त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कागदाच्या पाठीवर केलं आणि बायकोला दाखवलं, ती म्हणाली हे दुकानात जायच्या आधी करतात.

पण नुसता जोर बरोबर असून भागत नाही, जागा पण बघावी लागते, आणि मला विचाराल तर जोरापेक्षा जागाच जास्त. छप्पर खाली बसलेलं असताना त्या चार पट्ट्या जवळपास आडव्या पडलेल्या असतात, स्ट्रटही त्यांच्याबरोबर आडवा, म्हणजे तो बिचारा सगळा जोर आडवा लावतोय आणि उचलायला त्यातला थोडाच कामी येतोय. नेमकं तेव्हाच छप्पर सगळ्यात जड लागतं. वर गेल्यावर उलट, पट्ट्या उभ्या झालेल्या, वजन त्या पट्ट्याच पेलतात आणि स्ट्रट उगाच जोरात ढकलत बसतो. म्हणून लोक काय करतात, सुरुवातीला उचलत नाही म्हणून अजून हेवी आणतात, आणि वर गेल्यावर ते बिजागऱ्या उपटतं. त्याऐवजी पहिली चार बोटं हाताने उचलायची हे मान्य करून टाकायचं, मधे छप्पर हात सोडला तरी जिथल्या तिथे राहिलं पाहिजे, आणि बंद केलं की स्वतःच्या वजनाने बंद राहिलं पाहिजे, खटका फक्त वाऱ्यासाठी.

जागा शोधायला मी फ्रिजचा पुठ्ठा आणला. त्याच्यावर केबिनची कड, पट्टी आणि छप्पर पूर्ण मापात काढलं, पट्टी पुठ्ठ्याचीच कापून टाचणीवर फिरती केली, आणि स्ट्रटच्या जागी पतंगाचा दोरा लावून छप्पर वरखाली करत प्रत्येक वेळी दोरा मोजला. संध्याकाळभरात अकरा ठिकाणी भोकं पाडून झाली, पुठ्ठ्याची चाळण, पण होडीत एकही चुकीचं भोक नाही. बघायचं एवढंच की बंद असताना दांडी पूर्ण आत टेकता कामा नये, पाच-दहा मिलिमीटर शिल्लक हवेत, नाहीतर छप्पर केबिनवर न बसता स्ट्रटवर बसतं आणि सगळा भार नळीच्या बुडावर.

मग नवीन स्ट्रट मागवले, ३०० चे, ३१६ स्टेनलेसचे, म्हणजे खारट हवेत टिकणाऱ्या स्टीलचे, आणि गॅस सोडायचा बारीक व्हॉल्व्ह असलेले. हा व्हॉल्व्ह फार कामाची चीज. थोडे जास्तीचे घ्यायचे, लावून बघायचे, आणि छोट्या पान्याने फुस्स करून किंचित गॅस सोडत आपल्याला हवं तिथे आणायचं. मात्र अगदी कंजूषपणे सोडायचा, कारण गेलेला गॅस घरी परत भरता येत नाही, आणि दोन्ही बाजूला सारखा, नाहीतर छप्पर तिरकं उठतं आणि पट्ट्या पिळतात. त्याच कारणाने एक गेला तरी जोडीच बदलायची.

काळे पेंट केलेले कारचे स्ट्रट स्वस्त पडतात, भंगार गाड्यांच्या यार्डात तर चहापाण्याच्या भावात मिळतात, आणि इथे बरेच जण तेच लावतात. मीही मोह केला होता. पण मचूळ पाण्याची हवा दांडीवर एकदा बारीक ठिपके पाडते, मग दांडी आतबाहेर होताना तेच ठिपके सील खरवडतात, गॅस हळूहळू पसार. आणि दांडी खालच्या बाजूला ठेवून लावायचा, नळकांडं वर, म्हणजे आतलं तेल सीलवर येऊन बसतं. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे गोळीवर सगळीकडे फिरणारा सांधा, कारण छप्पर डुगडुगतं, नुसत्या भोकाचं टोक असलं की दांडीवर आडवा ताण येतो.

ब्रॅकेटच्या जागी ह्यावेळी स्क्रू नाही. कुजका गाभा खरवडून काढला, भोक मुद्दाम मोठं पाडून त्यात इपॉक्सी भरली, ती दगडासारखी झाल्यावर तिच्यातून बोल्टच्या मापाचं भोक, आरपार बोल्ट, पलीकडून स्टीलची पट्टी, वायसर, नट. एक अख्खा रविवार गेला, पण आता पाणी गाभ्यापर्यंत जायला वाटच नाही.

दोन गोष्टी अजून, ज्या मला अनुभवानेच कळल्या. एक म्हणजे थंडी. गॅस आहे, गार झाला की जोर कमी, दहा डिग्रीला साधारण साडेतीन टक्के. मेलबर्नला जुलैच्या पहाटे पाच डिग्री असतं आणि जानेवारीत चाळीस, म्हणजे बारा टक्क्यांचा फरक नुसत्या हवामानाचा. उन्हाळ्यात दुपारी बरोबर जुळवलेलं छप्पर हिवाळ्यात पहाटे खाली यायला लागतं, म्हणून जुळवायचं ते गार सकाळी. दुसरं म्हणजे वारा. छपराचा तुकडा साधारण १.९ चौरस मीटरचा. ताशी पन्नास किलोमीटरचा झोत खालून शिरला तर वीसेक किलोचा धक्का वर, म्हणजे छपराच्या वजनाच्या जवळ, आणि स्ट्रट तर आधीच वाऱ्याच्या पार्टीत. त्यामुळे वर केल्यावर पिना घालायच्याच, स्ट्रट आहेत म्हणून पिना काढून फेकल्या असं करायचं नाही. सील कधी जाईल ते काही सांगून जात नाही, आणि खाली पोहे परतणाऱ्याचं डोकं असतं.

आता तुम्ही म्हणाल की ह्याचा डोंबिवलीशी काय संबंध. गेल्या डिसेंबरात आलो होतो. मावशीकडे गेलो तर तिच्या बेडवर दोन भरलेल्या सुटकेसेस ठेवलेल्या. म्हटलं कोणी आलंय का, ती म्हणाली नाही रे, बेड उघडतो म्हणून ठेवल्यात. झालं असं की डॉक्टरने पाठीसाठी गादी बदलायला सांगितली, जुनी कॉयरची जड गादी काढून तिने फोमची हलकी आणली, आणि त्या दिवसापासून फळी बसेना. थंडीची गोधडी काढायला म्हणून कडी सैल केली तर फळी सुटली ती थेट हनुवटीला. बेड करून देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो मावशी माल एक नंबर आहे, हेवी पंप टाकलाय, दीड हजार न्यूटनचा. बिलावर कुठे आकडा नाही, फक्त हायड्रॉलिक सेट १. सेट १ म्हणजे काय समजायचं माणसाने?

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, जड गादी होती तोवर तो सेट बरोबरच चालत होता. पण गादी बदलली की पंप बदलतो हे त्याने सांगायला हवं होतं. माझ्या बॅगेत काटा होताच. आधी फळीला आधार देऊन पंपांची टोकं सोडवली, हे विसरू नका, नाहीतर काटा भलतंच सांगेल. मग नुसत्या फळीची मोकळी कड उचलली, १६ किलो, म्हणजे बिजागरीकडचे तेवढेच धरून फळी ३२ ची. फोमची गादी १२. जुनी कॉयरची गॅलरीत गुंडाळून ठेवली होती ती दोरीने बांधून मी आणि मावसभावाने काट्याला टांगली, ३२. म्हणजे पूर्वी उचलायचे ६४, आता ४४. पंपांची जागा तीच, मग साधं त्रैराशिक, ६४ ला १५०० तर ४४ ला हजार-तीस. हजारची जोडी आणली, मावसभावाने एका पान्याने अर्ध्या तासात बदलली. सुटकेसेस खाली उतरल्या.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की पुरवणीत पुढच्या वेळी हा विषय निघाला तर हेवी घ्या असं छापू नका. फळी आणि गादी मिळून वजन किती, आणि पंपावर न्यूटन किती, हे दोन आकडे बिलावर लिहून घ्या असं छापा. ओव्हरहेड कपाटांच्या वर उघडणाऱ्या दारांनाही तेच. पुण्याच्या बोहरी आळीत असो नाहीतर मुंबईच्या नागदेवीत, काउंटरवर नुसता हेवी शब्द बोललात तर समोरचा त्याच्याकडचा सगळ्यात महागडा पुढे करणार, त्यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच तसं मागितलंत.

तो काटा मात्र मी परत आणू शकलो नाही. मावशीने ठेवून घेतला. महिन्याची रद्दी ती आता आधी स्वतः तोलते आणि मग रद्दीवाल्याचा काटा किती दाखवतो ते बघते, पहिल्याच महिन्यात दीड किलोचा फरक निघाला म्हणे. त्या गठ्ठ्यात तुमचाही पेपर असतो, राग मानू नका.

आपला,
एक जुना वाचक, मेलबर्न